२६ जानेवारी : तारीख कोणाची, दुखवटा कोणाचा?

गेल्या प्रजासत्ताक दिनाची गोष्ट. सकाळी वस्तीतल्या विहारासमोर ध्वजवंदन झाले, उद्देशिकेचे सामूहिक वाचन झाले, मुलांना खाऊ वाटला आणि आम्ही चार-सहा कार्यकर्ते चहा घेत बसलो होतो. एवढ्यात अभ्यासवर्गातल्या एका मुलाने मोबाईल पुढे केला. त्याचा मावसभाऊ मेलबर्नला नोकरी करतो. त्याने घरच्या ग्रुपवर दोन झेंडे शेजारी शेजारी टाकून लिहिले होते की भारताचा आणि ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय दिवस एकच, म्हणून आपल्याला डबल आनंद. खाली एक तक्रारही होती. त्याला तिथले नागरिकत्व मिळणार होते, पण त्याच्या भागातल्या नगर परिषदेने २६ जानेवारीचा नागरिकत्व-समारंभ दुसऱ्या दिवशी ढकलला होता. 'इथल्या काही लोकांना या तारखेचा उगाच त्रास होतो,' असे त्याचे म्हणणे.

मुलाने आम्हाला विचारले, "दादा, तारखेत काय असतं? सुट्टी ती सुट्टी."

बाबासाहेबांच्या लेकरांनी हा प्रश्न विचारावा याचे आम्हाला जरा आश्चर्य वाटले. १ जानेवारी, २० मार्च, १४ ऑक्टोबर, ६ डिसेंबर, २५ डिसेंबर. या तारखा कोणत्याही सरकारी कॅलेंडरने आपल्याला दिलेल्या नाहीत, लोकांनी पायी चालून त्या उभ्या केल्या आहेत. तारखेत काय असते हे आपल्याहून जास्त कोणाला माहीत असणार? पण मुलगा चुकला असेही नाही. ऑस्ट्रेलियात त्या तारखेला काय झाले हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. आपल्याकडे त्या देशाचा इतिहास म्हणजे क्रिकेटचा इतिहास. म्हणून हा लेख.

१३ मे १७८७ रोजी इंग्लंडच्या पोर्ट्समथ बंदरातून अकरा जहाजांचा ताफा निघाला. त्यात सातशेहून जास्त कैदी होते. बहुतेक जण कुठे कापड, कुठे भांडी, कुठे खाण्याची वस्तू चोरल्याबद्दल हद्दपार झालेले, लंडनच्या आणि गावोगावच्या गरीब वर्गातले स्त्री-पुरुष. आधी असे कैदी अमेरिकेत पाठवले जात. १७७६ ला अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर केले, तो मार्ग बंद झाला, तुरुंग भरले आणि मग जेम्स कुकने १७७० मध्ये इंग्लंडच्या राजाच्या नावे 'ताब्यात घेतलेला' पूर्व किनारा आठवला. कुकला निघताना दिलेल्या गुप्त सूचनांमध्ये तिथल्या लोकांची संमती घेऊन जमीन ताब्यात घ्यावी असे लिहिलेले होते. संमती कुणाची घेतली? कुणाचीच नाही. पुढे कायद्याच्या भाषेत याला नाव मिळाले 'टेरा न्यूलियस', म्हणजे कोणाचीच नसलेली भूमी. साठ हजार वर्षांच्या आसपास माणसे जिथे राहत होती ती भूमी कोणाचीच नाही! आम्हाला हे वाचताना गावकुसाबाहेरची गायरान जमीन आठवली. पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते, म्हणून तो अतिक्रमणदार ठरतो.

जहाजे १८ ते २० जानेवारी १७८८ या तीन दिवसांत बॉटनी बे इथे पोचली. तिथे गोड पाण्याची आणि चांगल्या जमिनीची अडचण दिसली म्हणून कॅप्टन आर्थर फिलिपने उत्तरेकडची खाडी निवडली आणि २६ जानेवारीला सिडनी कोव्ह इथे ब्रिटिश झेंडा लावून बंदुकीच्या फैरी झाडल्या, राजाच्या नावाने मद्याचे प्याले उचलले. वसाहतीची रीतसर घोषणा झाली ती ७ फेब्रुवारीला. म्हणजे काटेकोरपणे बघायचे तर २६ जानेवारी हा पोचण्याचा पहिला दिवस नाही आणि सरकार स्थापन झाल्याचाही नाही. तो झेंडा रोवण्याचा दिवस आहे. आणि झेंडा रोवला गेला तो गॅडिगल लोकांच्या जमिनीवर.

पुढचे वर्ष कसे गेले पाहा. एप्रिल १७८९ मध्ये सिडनीच्या आजूबाजूच्या आदिवासींमध्ये देवीची साथ आली. खाडीच्या काठाकाठाने प्रेते पडली होती. खुद्द फिलिपचा अंदाज असा की त्या परिसरातले निम्मे लोक मेले. जे उरले त्यांच्यातून पेमल्वुय नावाचा योद्धा उभा राहिला आणि बारा वर्षे त्याने वसाहतीला झुंजवले. १८०२ मध्ये त्याला गोळी घालून मारले, त्याचे मुंडके दारूच्या बरणीत घालून इंग्लंडला जोसेफ बँक्स या शास्त्रज्ञाकडे पाठवले. त्याचे वंशज आजही ते परत मागत आहेत.

आता त्या सुट्टीचा इतिहास. सुरुवातीची काही वर्षे शिक्षा संपलेले आणि चार पैसे कमावलेले जुने कैदीच या दिवशी एकत्र जेवत, पीत, आपण इथे टिकलो याचा आनंद करत. आम्ही त्यांना नावे ठेवणार नाही. हाकलून दिलेल्या माणसाला जगल्याचा आनंद असतोच. पण सरकारी सुट्टी म्हणून हा दिवस पहिल्यांदा जाहीर केला तो गव्हर्नर लॅक्लन मॅक्वारीने, २६ जानेवारी १८१८ रोजी. वसाहतीला तीस वर्षे झाली म्हणून तीस तोफांची सलामी झाली, सरकारी मजुरांना सुट्टी आणि वर एक पौंड ताजे मांस मिळाले.

हे साल आपल्या तरुणांनी नीट वाचावे. १८१८, जानेवारी महिना. त्याच महिन्याच्या १ तारखेला भीमा नदीच्या काठी कोरेगावची लढाई झाली होती. एकाच महिन्यात, एकाच साम्राज्याच्या दोन टोकांना, दोन तारखा जन्माला आल्या. एक आज आपण अभिमानाने पाळतो. दुसरी ऑस्ट्रेलियातला आदिवासी दुखवटा म्हणून पाळतो. या कोड्याकडे आम्ही शेवटी येणारच आहोत, कारण ते टाळून पुढे गेलो तर प्रामाणिकपणा राहणार नाही.

मॅक्वारीबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण हा माणूस आपल्या मुंबईतून तिकडे गेलेला. ज्या १७८८ साली सिडनीत झेंडा लागला त्याच साली तो ७७ व्या पलटणीतून मुंबईत उतरला. श्रीरंगपट्टणला टिपूविरुद्धच्या लढायांत होता. १७९३ मध्ये मुंबईतच त्याचे पहिले लग्न झाले. १७९५ मध्ये त्याने कोचीनला दोन लहान मुलगे गुलाम म्हणून विकत घेतले. त्यातला एक, जॉर्ज जार्व्हिस हे नाव दिलेला, आयुष्यभर त्याचा नोकर म्हणून राहिला आणि त्याच्याबरोबर सिडनीपर्यंत गेला. ऑस्ट्रेलियाच्या पाठ्यपुस्तकांत मॅक्वारी हा उदार गव्हर्नर, रस्ते-इमारती बांधणारा, सुटलेल्या कैद्यांना मान देणारा. हेही खरे. 'ऑस्ट्रेलिया' हे नाव सरकारी व्यवहारात यावे म्हणून डिसेंबर १८१७ मध्ये त्यानेच लिहिले. पण त्याच्या दीड वर्ष आधी, एप्रिल १८१६ मध्ये, आदिवासींना धडा शिकवण्यासाठी सैनिकी तुकड्या पाठवण्याचा आदेशही त्याचाच. मारलेल्या पुरुषांची प्रेते झाडांना टांगावीत, म्हणजे बाकीच्यांना दहशत बसेल, अशी त्यात सूचना होती. १७ एप्रिलच्या पहाटे ॲपिनजवळ झोपलेल्या लोकांवर सैनिक चालून गेले. काही गोळ्यांनी मेले, काही अंधारात पळताना कड्यावरून दरीत पडले. सरकारी आकडा चौदा, त्यात बायका-मुलेही. त्याच हाताने दीड-पावणेदोन वर्षांनी सुट्टीच्या कागदावर सही केली.

आता 'ही आमची जुनी परंपरा आहे' या दाव्याकडे वळू. तारीख बदलायला विरोध करणारे हाच दावा सर्वात मोठ्याने करतात. वास्तव काय आहे? एकोणिसाव्या शतकात २६ जानेवारी हा फक्त न्यू साउथ वेल्स या एका वसाहतीचा दिवस होता. साउथ ऑस्ट्रेलियावाले २८ डिसेंबर पाळायचे, पश्चिमेकडचे १ जूनच्या सुमारास. सहा वसाहती मिळून देश झाला तो १ जानेवारी १९०१ रोजी. 'ऑस्ट्रेलिया डे' या नावाने १९१५ साली जो दिवस झाला तो ३० जुलैला, पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी निधी जमवायला! सर्व राज्यांनी २६ जानेवारीला हे नाव लावले १९३५ मध्ये. त्यानंतरही सुट्टी जवळच्या सोमवारी ढकलली जायची, म्हणजे शनिवार-रविवार जोडून लोकांना फिरायला जाता यावे. नेमक्या २६ तारखेलाच सगळ्या देशभर सुट्टी, हे १९९४ पासून. आमच्या अभ्यासवर्गातल्या काही मुलांचे मोठे भाऊ या परंपरेपेक्षा वयाने मोठे आहेत. सोयीसाठी जी तारीख सोमवारपर्यंत सरकवता येत होती, ती आदिवासींच्या दुःखासाठी एक दिवसही सरकवता येत नाही? परंपरा हा शब्द कोण, कधी वापरतो हे आपल्याला नव्याने शिकायला नको. काळाराम मंदिराच्या दारातही हाच शब्द उभा होता.

या सगळ्या इतिहासात आमचे मन सर्वात जास्त रमले, आणि सर्वात जास्त जळले, ते १९३८ पाशी.

त्या वर्षी झेंडा रोवल्याला दीडशे वर्षे झाली. सिडनीत प्रचंड सोहळा ठरला. फिलिप बोटीतून उतरतो, झेंडा लावतो, आदिवासी मागे पळतात, असे नाटक किनाऱ्यावर करायचे होते. सिडनीतल्या आदिवासींनी त्यात काम करायला नकार दिला. मग सरकारने दूरच्या पश्चिम भागातल्या मेनिंडी वगैरे सरकारी वस्त्यांमधून पंचवीसेक आदिवासी पुरुष आणले, पोलिसांच्या बराकीमागच्या तबेल्यात ठेवले आणि किनाऱ्यावर पळायला लावले. या नाटकातून कैदी मात्र गायब होते! आपले पूर्वज बेड्या घालून आले होते हे सांगायची राज्यकर्त्यांना लाज वाटत होती. म्हणजे इतिहासाचे सोंग आणतानाही दोन्ही बाजूंचे गरीब पुसले गेले. एक हाकलला जाणारा म्हणून उभा केला, दुसऱ्याला नावालाही ठेवले नाही.

त्याच दिवशी, त्याच शहरात, एलिझाबेथ स्ट्रीटवरच्या ऑस्ट्रेलियन हॉलमध्ये सुमारे शंभर आदिवासी स्त्री-पुरुष जमले. टाऊन हॉल त्यांना मिळाला नव्हता. हा हॉल मिळाला, पण आत जायचे ते मागच्या दाराने. सभेच्या पत्रकावर स्पष्ट लिहिले होते की फक्त आदिवासींनीच यावे. सभेचे नाव होते 'दुखवट्याचा आणि निषेधाचा दिवस'. जॅक पॅटन अध्यक्ष होते. सोबत विल्यम फर्ग्युसन, पर्ल गिब्ज ही लढाऊ बाई, आणि मेलबर्नहून आलेले, सत्तरी ओलांडलेले विल्यम कूपर. ठराव असा की दीडशे वर्षांच्या वागणुकीचा आम्ही निषेध करतो आणि पूर्ण नागरिकत्व व समाजात समान दर्जा मागतो. दया नको, संरक्षण नको, नागरिकत्व हवे. पॅटन आणि फर्ग्युसन यांनी दोनच आठवडे आधी काढलेल्या पुस्तिकेचे नावही हेच सांगते : 'आदिवासी नागरिकांचे हक्क मागत आहेत'.

'संरक्षण' या शब्दावर त्यांचा राग का होता? कारण न्यू साउथ वेल्समध्ये त्यांच्यावर राज्य करणाऱ्या सरकारी मंडळाचे नावच 'आदिवासी संरक्षण मंडळ' होते. कुठे राहायचे, मजुरी कोणाच्या हाती द्यायची हे ते ठरवायचे. १९१५ नंतर तर न्यायालयाकडे न जाताही मुले आईबापांपासून उचलून न्यायचा अधिकार त्याला मिळाला. या मुलांना आज 'चोरलेल्या पिढ्या' म्हणतात. १९९७ च्या चौकशी अहवालाचा अंदाज असा की १९१० ते १९७० या काळात दर दहा मुलांत एकापासून दर तिघांत एकापर्यंत मुले अशी तोडली गेली.

कूपर यांची गोष्ट आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असायला हवी. योर्टा योर्टा समाजाचा हा माणूस, आयुष्यभर मेंढ्यांची लोकर कातरण्यासारखी अंगमेहनत केलेला. सरकारी वस्तीत राहणाऱ्या आदिवासीला म्हातारपणाची पेन्शन मिळत नसे, म्हणून उतारवयात वस्ती सोडून ते मेलबर्नच्या कामगार भागात आले आणि तिथून संघटना बांधली. इंग्लंडच्या राजाला द्यायच्या अर्जावर त्यांनी गावोगावच्या आदिवासींच्या १,८१४ सह्या जमवल्या. मागणी एकच मोठी होती : संसदेत आमचा प्रतिनिधी हवा. १९३७ मध्ये अर्ज सरकारकडे दिला. सरकारने तो राजाकडे पाठवलाच नाही. एवढे होऊनही, डिसेंबर १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंवर झालेल्या हल्ल्यांचा निषेध करायला हाच म्हातारा आपल्या लोकांना घेऊन मेलबर्नच्या जर्मन वकिलातीवर गेला. ज्याला स्वतःच्या देशात नागरिक मानत नव्हते, तो दुसऱ्या खंडातल्या अत्याचारग्रस्तांसाठी रस्त्यावर उतरला.

या सभेचा एक फोटो आहे. पुरुष सूट-टाय घालून, बाया नीटनेटक्या, मागे फळा. आमच्या एका मैत्रिणीने तो पाहून लगेच म्हटले, "हे तर आपल्याकडच्या परिषदेसारखं दिसतंय." बाबासाहेबांच्या सुटावर आजही नाक मुरडणारे लोक आहेत. अंगावरचा नीट कपडा हाच ज्यांच्यासाठी बंड असतो त्यांना तो सूट कळतो.

१९०१ च्या ऑस्ट्रेलियन संविधानात एक कलम होते, १२७ वे. लोकसंख्या मोजताना आदिवासींना धरू नये, असे. ते निघाले २७ मे १९६७ च्या सार्वमताने, नव्वद टक्क्यांहून जास्त मतांनी. माणूस मोजायचा की नाही यावरच राजकारण असते. आपल्याकडे १९३१ नंतर ओबीसींची जातवार आकडेवारी जनगणनेतून बाहेर आलेली नाही, हे जाता जाता.

मोजणी झाली, पण जमीन? २६ जानेवारी हीच तारीख साधून १९७२ मध्ये पंतप्रधान मॅकमहन यांनी जाहीर केले की आदिवासींना जमिनीची मालकी मिळणार नाही, फार तर पन्नास वर्षांचा भाडेपट्टा. त्याच रात्री चार आदिवासी तरुण सिडनीहून गाडीने कॅनबेराला गेले आणि संसदेसमोरच्या हिरवळीवर त्यांनी एक समुद्रकिनाऱ्यावरची छत्री रोवली. पाटी लावली : 'आदिवासी वकिलात'. आपल्याच देशात आपण परके ठरलो, मग परक्यांसारखी वकिलात तरी असू दे, हा त्यातला टोला. ती वकिलात आजही तिथे आहे. त्याच वर्षी ब्रिस्बेनमध्ये तिथल्या तरुणांनी ब्लॅक पँथरचे नाव घेतले होते. आणि त्याच १९७२ मध्ये मुंबईत आपल्या तरुणांनी दलित पँथर उभी केली. १५ ऑगस्टच्या 'साधना'च्या अंकात राजा ढालेंचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला आणि महाराष्ट्र हादरला. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला जास्त शिक्षा आणि दलित स्त्रीच्या अब्रूवर हात टाकणाऱ्याला कमी, हा ढालेंचा सवाल होता. त्या सवालाचे उत्तर कुणी दिले नाही, भाषेवरच गहजब केला.

सिडनीच्या त्या तरुणांना ढाले माहीत असण्याचे कारण नाही, ढालेंना त्या छत्रीची बातमी असेल-नसेल. तरी दोघांनीही राष्ट्राच्या सणाचाच दिवस निवडला. ज्या दिवशी राष्ट्र स्वतःचे कौतुक करते, त्याच दिवशी त्याच्या कौतुकात कोण बसत नाही हे उघडे पडते. पेरियारांनी १५ ऑगस्ट १९४७ ला दुखवट्याचा दिवस म्हटले, अण्णाभाऊंनी दुसऱ्याच दिवशी मुंबईत मोर्चा काढला, तेही याच कारणाने.

१९८८ ला दोनशे वर्षे झाली. पुन्हा जहाजे, पुन्हा रोषणाई. त्या दिवशी सिडनीच्या रस्त्यांवर चाळीस हजारांच्या आसपास लोक मोर्चात चालत होते, आदिवासींबरोबर गोरेही. आणि बर्नम बर्नम नावाचा एक आदिवासी कार्यकर्ता इंग्लंडला जाऊन डोव्हरच्या पांढऱ्या कड्यांजवळ उभा राहिला. त्याने आपला झेंडा रोवला आणि इंग्लंड आपल्या ताब्यात घेतल्याचे जाहीर केले! आम्ही हा प्रसंग सांगितला तेव्हा अभ्यासवर्ग दोन मिनिटे हसत होता. आणि खरे तर त्यातच सगळा कायदेशीर युक्तिवाद आहे. झेंडा रोवल्याने जमीन आपली होत असेल तर मग ही पण झाली. १९९२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने माबो खटल्यात 'कोणाचीच नसलेली भूमी' ही कल्पना मोडीत काढली. एडी माबो निकालाच्या चार-पाच महिने आधी वारले होते.

आज तिथला वाद काय आहे? एक बाजू म्हणते तारीख बदला. पर्याय बरेच सुचवले जातात : १ जानेवारी, सार्वमताची २७ मे, माबो निकालाची ३ जून. मेलबर्नच्या यारा आणि डेरेबिन या नगर परिषदांनी २०१७ मध्ये या दिवशीचे समारंभ थांबवायचे ठरवले, तर केंद्र सरकारने त्यांचा नागरिकत्व देण्याचा अधिकारच काढून घेतला. २०२२ च्या डिसेंबरात नियम सैल झाला. आता २६ च्या तीन दिवस आधी किंवा नंतर समारंभ घेता येतो. आपल्या मावसभावाचा समारंभ हलला तो यामुळे.

दुसरी बाजू म्हणते, तारीख बदलून आदिवासींचे आयुष्य बदलणार आहे का? हा प्रश्न अगदी चुकीचा नाही, फक्त तो विचारणारे बहुधा आयुष्य बदलायलाही तयार नसतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची परीक्षा झाली. आदिवासींना संसदेपुढे बाजू मांडण्यासाठी एक सल्लागार मंडळ, तेही फक्त सल्ला देणारे, संविधानात असावे की नाही यावर सार्वमत झाले. साठ टक्के लोकांनी नाही म्हटले. विल्यम कूपरने ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी मागितले होते त्याहून हे कितीतरी कमी होते.

आणि एक तिसरी बाजू आहे, आदिवासींच्याच आतली, आम्हाला सर्वात विचार करायला लावणारी. त्यांच्यातले बरेच कार्यकर्ते म्हणतात की तारीख बदलूच नका. तुम्ही सुट्टी मे महिन्यात नेली की तुमची लाज संपेल, तुम्ही निवांत मांस भाजत बसाल, आणि आमच्या हातातून आमचा मोर्च्याचा दिवस जाईल. लोकसंख्येत आम्ही चार टक्क्यांहून कमी आणि तुरुंगात एक तृतीयांशाहून जास्त. आधी करार करा, जमीन द्या, कोठडीतले मृत्यू थांबवा. मग आनंदाचा दिवस आपण मिळून ठरवू. आमचा कल या तिसऱ्या बाजूकडे आहे. वरून बदललेली तारीख म्हणजे पुष्कळदा पाटी बदलणे असते. आपल्याकडे रस्त्याला, चौकाला बाबासाहेबांचे नाव देऊन त्याच चौकातल्या सफाई कामगाराला कंत्राटावर ठेवणारे कमी आहेत का?

आता ते कोडे. आमच्यावर आक्षेप येणारच : इंग्रजांच्या झेंड्याविरुद्ध रडणाऱ्या आदिवासींची बाजू घेता, आणि १ जानेवारीला कंपनीने बांधलेल्या स्तंभापुढे मान झुकवता, हे कसे? आक्षेप घेणाऱ्यांचा हेतू आपल्याला माहीत आहे, पण प्रश्नाला उत्तर हवे. आम्ही असे पाहतो. गॅडिगल माणसासाठी १७८८ च्या आधी स्वतःची जमीन होती, स्वतःचे पाणी होते. झेंडा आला आणि ते गेले. आपल्या पूर्वजांना पाण्याला स्पर्श करायचा हक्क इंग्रज येण्याआधीच नव्हता. म्हणून परके आले हे दुःख दोघांना सारखे होऊच शकत नाही. कोरेगावच्या स्तंभावर ४९ नावे आहेत, त्यात २२ महार सैनिकांची. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथे गेले ते कंपनीचे आभार मानायला गेले नाहीत. लढण्याची ताकद असलेल्या समाजाला ती आठवण करून द्यायला गेले. कंपनीने आपल्यावर उपकार केले अशा भ्रमात ते कधीच नव्हते. ज्या महारांच्या जिवावर लढाया जिंकल्या त्यांचीच भरती पुढे इंग्रजांनी बंद केली. आणि १९३० च्या गोलमेज परिषदेत, इंग्रजांच्या तोंडावर, तुमच्या राज्यात अस्पृश्यांची स्थिती बदलली नाही असे त्यांनी सुनावले. कोणत्याही तारखेकडे खालून बघावे लागते, तिथे ज्याच्या पाठीवर पाय पडला त्याच्या बाजूने. मग कोरेगावचा १ जानेवारी आणि सिडनीचा २६ जानेवारी यांत विसंगती उरत नाही.

आपली २६ जानेवारी तरी कुठे आपण निवडली होती? काँग्रेसने १९३० च्या जानेवारीतला शेवटचा रविवार पूर्ण स्वराज्याच्या प्रतिज्ञेसाठी ठरवला, तो २६ तारखेला आला. त्यानंतर पाच आठवड्यांनी, २ मार्चला, नाशिकमध्ये आपले लोक काळारामाच्या दारात सत्याग्रहाला बसले. स्वराज्याची प्रतिज्ञा घेणाऱ्या देशात त्यांना दार बंद होते. संविधान स्वीकारले गेले २६ नोव्हेंबर १९४९ ला, पण जुन्या प्रतिज्ञेचा मान म्हणून अंमल २६ जानेवारीपर्यंत थांबवला. स्वीकाराच्या आदल्या दिवशी, २५ नोव्हेंबरला, बाबासाहेबांनी याच येणाऱ्या तारखेचे नाव घेऊन बजावले की त्या दिवशी आपण विसंगतीच्या जीवनात पाऊल टाकू, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता. म्हणजे राष्ट्रीय सणाच्या पोटातच त्यांनी इशारा ठेवून दिला. २६ नोव्हेंबर हा संविधान दिन केंद्र सरकारने २०१५ ला जाहीर केला. आपल्या वस्त्यांत तो त्याच्या कितीतरी आधीपासून साजरा होत होता.

त्या मुलाला आम्ही हे सगळे एका बैठकीत सांगितले नाही, दोन-तीन रविवार गेले. शेवटी त्याने १९३८ चा तो फोटो मावसभावाला पाठवला आणि खाली फक्त साल आणि तारीख लिहिली. दोन दिवस उत्तर नाही. मग आले. त्याच्या समारंभात सुरुवातीला एक आदिवासी बाई बोलल्या होत्या, आपल्या लोकांच्या भूमीवर स्वागत केले होते, आणि त्याला तो आपला नेहमीचा औपचारिकपणा वाटला होता. त्या कोणत्या समाजाच्या होत्या हे त्याला आठवत नव्हते. त्याने आता नगर परिषदेला पत्र लिहून विचारले आहे.

आमच्या अभ्यासवर्गात पुढच्या रविवारी १९३८ चा ठराव वाचायचा आहे. ज्यांना इंग्रजी जमते त्यांनी मराठीत करून आणावा.

जयभीम.